खिशातली पुट्टी

आमच्या ह्यांना भोक बघवत नाही.

म्हणजे भिंतीतलं. मोज्याला पडलं तर त्यातून अंगठा बाहेर काढून ते महिनाभर खुशाल हिंडतील. पण भिंतीत कुठे उपटलेल्या खिळ्याची जागा दिसली की ह्यांचे हात शिवशिवायला लागतात. जन्मभर भिंतींना गिलावा करण्याचं काम केलं, म्हणून सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात आणि राग आला की मीही म्हणते, म्हणजे दिवसातून बऱ्याचदा. काम सोडून बरीच वर्षं झाली, पण जित्याची खोड कुठे जाते? मागे दवाखान्यात डॉक्टर ह्यांची छाती तपासत होते, तर हे डॉक्टरांच्या पाठीमागची भिंत तपासत होते. "मोठा श्वास घ्या," डॉक्टर म्हणाले. "घेतो," हे म्हणाले, "पण तिथे ओल आलीय तिचं काय?" बँकेत एकदा रांगेत उभ्या उभ्या ह्यांनी एक भोक बुजवलं. ते त्याच सकाळी वायर घालायला पाडलेलं होतं. वायरवाला शिडी आणायला गेला होता. परत आला तो तळव्याने भिंत चाचपत भोक इतका वेळ शोधत राहिला की मला त्याची दया आली.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे त्या दिवशी पोरीने बसस्टँडवर बापाची झडती का घेतली ते कळेल.

पोरगी आमची एकुलती एक, चष्म्याच्या दुकानात काम करते. त्या दुकानात आजोबांचा चष्मा घेऊन एक मुलगा यायचा. शाळेत शिकवतो. चष्मा एकच, पण कधी त्याची काडी सैल, कधी तो नाकावर रुतायचा, कधी नुसती डबीच हवी असायची. आजोबा चष्म्यावर बसतात की काय, असं मला वाटायचं. वर्षभराने कळलं की चष्मा ठणठणीत होता. मुलगाही चांगला निघाला, नाव ठेवायला जागा नाही. घोडं अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी.

वडील गाइड. त्यांच्या गावात फार पूर्वी मोठी लढाई झाली होती, मैदानात नव्हे, तर गल्लीगल्लीत आणि घराघरात, आणि तिच्या खुणा बघायला लोक अजून येतात. ह्या गृहस्थांनी आयुष्यभर त्या खुणा दाखवल्या. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला आमचं गाव कळलं नाही त्याला आमचं घर काय कळणार! तेव्हा लग्नाचं हो-नाही मागाहून. आधी मुलीने आईबापांसह एक दिवस यावं, गाव बघावं, चार घास खावेत, मग ते काय ते सांगतील. मुलगा घर सोडून वेगळं राहणाऱ्यांतला नव्हता, आणि आमची पोरही कुणाच्या नाकावर टिच्चून सून होणाऱ्यांतली नव्हती.

"आई, मला त्या घरात राहायचंय," आदल्या दिवशी ती मला म्हणाली. "रोज त्यांच्या पंगतीला बसायचंय. त्यांनी नाही म्हटलं तर मी जाणार नाही. आणि मग दुसरीकडेही कुठे जाणार नाही."

असं म्हणून ती घडी घातलेलेच कपडे मोडून पुन्हा घड्या घालायला लागली.

तर बसस्टँडवर ती बापासमोर हात पसरून उभी राहिली.

"बाबा, पिशवी."

"पिशवीत काय असणार? पाण्याची बाटली आहे."

बाटलीखाली टॉवेल होता आणि टॉवेलात गिलाव्याची थापी.

"ही काय आहे?"

"सवयीने आली असेल," हे म्हणाले, जशी काही थापीच आपल्या पायांनी चालत पिशवीत शिरली होती.

पोरीने ती काढून आपल्या पर्समध्ये घातली. "आज भिंतीबद्दल एक शब्द काढायचा नाही. ओल नाही, तडा नाही, पोपडे नाहीत. त्यांनी विचारलं तरी नाही. कबूल?"

"कबूल."

इतक्या सरळपणे म्हणाले की मला तिथेच शंका यायला हवी होती. हा माणूस वाद न घालता कबूल झाला की समजावं, दुसऱ्या कुठल्या तरी खिशात काहीतरी शिल्लक आहे. पण मी खिडकीची जागा पकडायच्या गडबडीत होते.

गाइड आम्हाला घ्यायला स्टँडवरच आले होते. उंच, काटकुळे, हातात पितळी मुठीची काठी. बरोबर मुलगा. गाइडांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "या पाहुणे." ह्यांना पाहुणे, मला पाहुण्या. मुलगा हळूच पोरीला म्हणाला, "घाबरू नकोस. गाडी रुळावर आली की बाबा आपोआप व्याही म्हणतील." ते माझ्या कानावर पडलं, आणि तेव्हापासून मी दिवसभर त्या एका शब्दासाठी कान टवकारून बसले.

गाइडांची चालच निराळी होती. ते उलटे चालायचे. तोंड आमच्याकडे, पाठ रस्त्याकडे, आणि काठी मागे फेकून न बघता दाखवायचे. "हा पूल! ह्याची अर्धी कमान नदीत गेली, अर्धी अजून उभी आहे!" मागे खरंच अर्धी कमान. खड्डा आला की ते न बघता ओलांडायचे, पायरी आली की उतरायचे, सायकलवाला आला की बाजूला व्हायचे. प्रत्येक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं, आणि वाक्य संपलं की टाळीपुरती जागा सोडलेली. टाळी वाजवायची की नाही ते न कळून मी दोनदा पदराने कपाळ पुसलं.

हे मूग गिळून चालले होते. पण ह्यांचं मौनसुद्धा मला ऐकू येतं. थांबलेल्या घड्याळाचा मनोरा बघताना हे घड्याळाकडे बघतच नव्हते, खालच्या कोपऱ्यातल्या पोपड्यांकडे बघत होते. पंख तुटलेल्या कारंज्याच्या हंसापाशी ह्यांनी तोंड उघडलं, तेव्हा मी चिमटा काढला. जांभई दिल्यासारखं करून त्यांनी ते मिटलं.

मग बाजारातली भिंत आली.

लांबच लांब भिंत, वर जपणुकीसाठी छोटं छप्पर, पुढे दोरी बांधलेली. आणि सबंध भिंतीत गोळ्यांची भोकं. काही एकेकटी, काही घोळक्याने. गाइडांनी आवाज खाली आणला. ही भिंत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी ठेवली, हिला कुणी हात लावलेला नाही, असं सांगत होते. काही भोकं माझ्या कमरेच्याही खाली होती. तेवढ्या उंचीचं कोण असेल असा विचार मनात आला आणि मी तो तिथेच थांबवला. मला खरंच भरून आलं होतं.

तेवढ्यात शेजारी उसासा ऐकू आला. बघते तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी.

गाइडांनीही ते पाहिलं. प्रथमच काठी खाली टेकवून म्हणाले, "पाहुणे, तुम्हाला लागलं मनाला."

"लागणारच हो," हे घोगऱ्या आवाजात म्हणाले. "एवढी मोठी भिंत."

गाइड मान डोलावत राहिले. ते पाणी कशाचं होतं हे मला माहीत होतं, पोरीलाही माहीत होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघणं टाळलं. ह्यांचा उजवा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला होता. मी तो मनगटाला धरून खाली आणला आणि बाजार संपेपर्यंत सोडला नाही. गाइडांना वाटलं असेल, काय प्रेमळ जोडपं आहे!

घर अगदी साधं होतं. रस्त्याकडे मोठी खिडकी असलेली बाहेरची खोली, तिच्यात जेवायचं टेबल, मागे स्वयंपाकघर, वर गच्ची. दारात विहीणबाई, म्हणजे मी मनातल्या मनात त्यांना तेच म्हणायला सुरुवात केली होती, पदराला हात पुसत उभ्या. अंगाने भरलेल्या, बोलायला मोकळ्या. खिडकीसमोरच्या भिंतीला पाठ लावून गाइडांचे वडील बसले होते. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. तोच तो चष्मा त्यांच्या नाकावर होता. पोरीने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी मान हलवली. ह्यांनी केला, मान हलवली. मी पाणी मागितलं, तेव्हाही हलवली.

"त्यांना ऐकू कमी येतं," गाइड म्हणाले.

"नको ते कमी येतं," विहीणबाई सूप वाढताना पुटपुटल्या.

जेवायला बसलो. गाइड आप्पांच्या शेजारी, भिंतीकडे पाठ करून, आम्ही समोर. आप्पा विचित्र जेवत होते. चमचा तोंडाकडे न्यायच्या ऐवजी तोंडच चमच्याकडे न्यायचे. हनुवटी जवळजवळ सुपात, पाठीची कमान, डोकं टेबलाच्या कडेपेक्षा जेमतेम वर. मला वाटलं, वय झालं, कंबर गेली असेल.

हे मात्र समोर बघत जेवत होते. नजर हलत नव्हती. मी मीठ मागितलं तर ह्यांनी पावाची टोपली दिली. ह्यांच्या नजरेमागे माझी नजर गेली. आप्पांच्या डोक्यावर, भिंतीवर एका चौकोनाची कड बाकी रंगापेक्षा फिकी दिसत होती, आणि त्या चौकोनाच्या मधोमध एक भोक. अंगठा जाईल एवढं. कसली तरी तसबीर खाली पडली असेल आणि खिळ्याबरोबर गिलाव्याचं ढेकूळही आलं असेल, असं कुणालाही वाटावं.

"पाहुणे आप्पांकडे किती आदराने बघतायत," गाइड मुलाला म्हणाले. "गोष्ट ऐकायच्या आधीच कळलंय त्यांना." मग आमच्याकडे वळून बोट वर केलं. "गावाची शेवटची खूण अजून बाकी आहे. ती मी नेहमी शेवटी दाखवतो. आधी सांगायची नाही, असा आमच्या घरात नियम आहे. ह्यालाही सांगू दिलेली नाही." मुलगा ओशाळं हसला.

जेवणं झाली. गाइड मुलांना घेऊन गच्चीवर निघाले, तिथून सगळं गाव दिसतं म्हणून. हे गुडघा चोळत म्हणाले, "मला जिना नको. मी आप्पांसोबत बसतो." मी स्वयंपाकघरात गेले. पाहुणी झाले तरी दुसऱ्या बाईने एकटीने भांडी घासावीत हे मला बघवत नाही. ज्याचं त्याचं भोक, दुसरं काय!

विहीणबाई आणि माझं छान जमलं. नवरे हा विषय निघाला की बायकांना ओळख लागत नाही. त्या म्हणाल्या, "हे रात्री झोपेतसुद्धा दाखवतात हो. 'हा पूल' म्हणून माझ्या पोटावर हात मारतात." मी त्यांना बँकेची गोष्ट सांगितली. त्या इतक्या हसल्या की हातातली ताटली निसटली. मग हसत हसतच त्यांनी चुलीशेजारून एक लाकडी चौकट उचलली आणि फडक्याने पुसायला लागल्या. नुसती चौकट, मध्ये काच नाही, चित्र नाही. खाली पितळेची पट्टी.

"तुम्ही येणार म्हणून सकाळी धुऊन वाळत घातली," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा उतरवली. किती काजळी होती! ह्यांचं लक्षच नाही अजून. चहाच्या आत लावून टाकते."

"कसली चौकट आहे?"

"भोकाची."

"कसल्या भोकाची?"

"गोळीच्या. ते काय, बाहेर आप्पांच्या डोक्यावर आहे ना. तीच तर शेवटची खूण."

माझ्या हातातून ओला ग्लास विहीणबाईंच्या हातात कधी गेला ते मला आठवत नाही. मी बाहेरच्या खोलीत धावले.

हे खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांवर हात, पाठ ताठ, चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा. शेजारी टेबलावर तंबाखूची जुनी डबी. तंबाखू ह्यांनी कधीच सोडली होती. डबीत ओल्या फडक्याखाली भिजवलेली पुट्टी होती, आणि डबीवर लोणी लावायच्या सुरीएवढं पातं. भिंत गुळगुळीत. शपथेवर सांगते, मी कितीतरी गिलावे बघितलेत, पण असं काम बघितलं नव्हतं. भोक कुठे होतं ते सांगता आलं नसतं. नुसता थोडा ओला ठिपका.

"बघ," हे आनंदाने कुजबुजले. "भिंतीबद्दल एक शब्द काढलेला नाही."

"मिस्त्री," मी म्हटलं.

"आणि विचारल्याशिवाय नाही केलं. आप्पांना विचारलं, बुजवू का? त्यांनी मान हलवली."

आप्पा मान खाली घालून डुलकी घेत होते. त्यांची मान कशालाही हलते हे मी ह्यांना सांगणार, तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

आता बघा, ती वेळच अशी होती की मी काही बोलूच शकले नाही. गाइड दारातून आत आले तेच उलटे. पाठ भिंतीकडे, तोंड मागून येणाऱ्या मुलांकडे. आवाज लावलेला. मी हात वर केला, तर त्यांना वाटलं मी उत्सुक झाले.

"आणि ही शेवटची खूण!" ते खोलीच्या मधोमध येऊन थांबले. "हे टेबल. ही खिडकी. बाहेर रस्त्यात गोळीबार. एक लहान मुलगा इथे बसून सूप पीत होता. त्याच्या हातातून चमचा खाली पडला. तो चमचा उचलायला वाकला, आणि त्याच क्षणी खिडकीतून गोळी आली आणि त्याच्या डोक्यावरून भिंतीत घुसली! चमचा पडला नसता, तर तो मुलगा नसता. तो नसता तर मी नसतो. मी नसतो तर," त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, "हाही नसता. आणि तो मुलगा म्हणजे हे!"

आप्पांनी डोळे न उघडता मान हलवली. रोजची सवय.

"तेव्हापासून आजपर्यंत," गाइडांनी आवाज आणखी खाली आणला, "हे गृहस्थ कधी ताठ बसून जेवले नाहीत. त्या भोकाच्या रेषेवर त्यांनी डोकं येऊ दिलं नाही. ये पोरी. बाकी कुणाला आम्ही हात लावू देत नाही, पण तू आज त्यात बोट घालून बघ." आणि काठी मागे फेकून त्यांनी न बघता भिंत दाखवली. काठीचं टोक बरोब्बर ओल्या ठिपक्यावर होतं.

पोरगी पुढे झाली. बोट लावलं. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. मग बोट डोळ्यांसमोर धरलं. टोकाला पांढरं लागलं होतं. तिने सावकाश बापाकडे पाहिलं.

"लागलं ना हाताला?" गाइडांनी विचारलं.

"लागलं," ती म्हणाली.

त्याच वेळी विहीणबाई चौकट घेऊन आल्या. त्या बिचाऱ्यांना काय माहीत! "ह्या दोन मिनिटांत लावते," म्हणत त्यांनी ती सवयीने जागच्या जागी टांगली, दोन पावलं मागे सरल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. चौकटीत गुळगुळीत भिंत. खाली पितळी पट्टी, नुकती घासलेली.

मग गाइड वळले.

त्यांनी काठी टेबलावर ठेवली, चौकटीत हात घातला, तळवा फिरवला. ह्यांच्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं.

"तोफा झाल्या," ते म्हणाले. "आग लागली. पूर आला. नगरपालिका आली. आमच्या ह्या भोकाला कुणी काही करू शकलं नाही. आणि तुम्ही, पाहुणे, जेवण झाल्यावर..."



"ओलं आहे अजून," हे उठले. चेहरा पार उतरलेला. "आत्ता काढतो. जसं होतं तसं करून देतो. तिरकं होतं ना जरा? डावीकडून?" हातात पातं घेतलं, आणि तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे बघून बारीक आवाजात म्हणाले, "मी कधी पाडलेलं नाही गं. बुजवलेलीच आहेत."

मला हसू यायला हवं होतं, पण पोरीकडे बघून येईना. ती भिंतीशी तशीच उभी होती, ते पांढरं बोट दुसऱ्या मुठीत धरून. मुलगा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. वडिलांच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यालाही दिसत होतं.

"राहू द्या," गाइड म्हणाले. "तुम्ही पाडलेलं भोक मी गोळीचं म्हणून दाखवू? इतकी वर्षं मी ह्या घरात खोटं बोललो नाही. लोकांना आता काय दाखवू मी? आप्पांना काय सांगू? माझ्या आप्पांचं आयुष्य होतं त्यात!" त्यांचा आवाज फुटला. "बसची वेळ बघ," ते मुलाला म्हणाले.

"त्यांनी विचारलं होतं," कुणीतरी म्हणालं.

आवाज खालून आला होता. आप्पा जागे होते. चष्म्यातून वर बघत होते.

"आप्पा, तुम्ही पडा जरा," गाइड मोठ्याने ओरडले.

"ओरडू नकोस. पाहुण्यांनी मला विचारलं, बुजवू का. मी हो म्हटलं."

"तुम्ही सगळ्यालाच हो म्हणता आप्पा! मान हलवायची तुम्हाला सवय आहे!"

"तुझ्या गोष्टीला हलवतो ती सवय," आप्पा म्हणाले. "ह्याला हलवली ती मी हलवली. इतक्या वर्षांत ह्या भिंतीचं काय करायचं ते मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं."

विहीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आप्पांनी हात मागे वर नेऊन चौकटीत चाचपलं, तो गुळगुळीत भिंतीवरून दोनदा फिरवला, जसा आपण झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतो.

"चहा करा," ते म्हणाले. "साखर घाला. रोज विसरता."

विहीणबाई चहा करायला धावल्या, मीही धावले. बाहेर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. आम्ही ट्रे घेऊन आलो. हे पातं मुठीत धरून कोपऱ्यात उभे. गाइड खिडकीपाशी, बाहेर तोंड करून. विहीणबाईंनी आप्पांच्या पुढ्यात कप ठेवला. आप्पांनी नेहमीसारखं तोंड खाली नेलं. अर्ध्यावर थांबले. मग कप उचलला.

पाठ काही सरळ झाली नाही, ती आता काय होणार! पण मान वर आली. हळूहळू, थरथरत, थेट चौकटीच्या रेषेत. कप ओठांना लागला आणि त्यांनी खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघत चहा प्यायला. सगळा प्यायला. शेवटचा घोट होईपर्यंत मान खाली आली नाही.

"समोर किराण्याचं दुकान झालंय?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच झालंय, आप्पा," गाइड म्हणाले. ते खिडकीतून वळले होते आणि वडिलांकडे बघत होते. मग ते टेबलाशी येऊन वडिलांच्या शेजारी बसले आणि त्यांनी रिकामा कप हातातून काढून घेतला. तो खाली ठेवायचं त्यांना बराच वेळ सुचलं नाही.

बसला उशीर होईल म्हणून आम्ही निघालो. पोरीने दारात आप्पांना नमस्कार केला. कुणी हो म्हटलं नव्हतं, कुणी नाही म्हटलं नव्हतं. हे खाली मान घालून बूट घालत होते. ह्यांनी डबी आणि पातं आपणहून पोरीच्या हातात दिलं होतं, आणि त्यांना तसं बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकं वाईट काम ह्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं, आणि इतकं चांगलंही.

गाइड काठी घेऊन बाहेर आले. "स्टँडपर्यंत येतो," म्हणाले. ह्या वेळी ते सरळ चालले, आमच्यासारखे. दोन खड्डे त्यांना दिसले नाहीत, एकदा ठेच लागली. सरळ चालायची सवय मोडली होती बिचाऱ्यांची. गल्लीच्या टोकाशी बाजार दिसायला लागला, लांब छप्पर आणि त्याखाली ती भिंत, संध्याकाळच्या उन्हात सगळी भोकं सावलीने भरलेली. ह्यांची पावलं जराशी मंदावली. अगदी जराशी.

गाइडांनी पटकन ह्यांचा हात काखेत घट्ट दाबून धरला.

"व्याही," ते म्हणाले, "तिकडे बघायचं नाही."